सरासरी बिघडवणारे

वडील गेल्यावर बाईंना ज्याने त्याने आपापल्या परीने काही ना काही आणून दिलं. शेजाऱ्यांनी डबे दिले. मावशीने सल्ले दिले. कॉलेजच्या ग्रंथपालांनी न विचारता तीन जाड कादंबऱ्या पुढे सरकवल्या आणि परत करायची तारीख मुद्दाम कोरी ठेवली. आणि प्राचार्यांनी मूल्यमापन दिलं.

"बाई, दुःखावर काम हेच औषध," प्राचार्य म्हणाले. औषधाची फाईल इतकी जाड होती की ती टेबलावरून ढकलायला त्यांना उभं राहावं लागलं. "तुम्ही संख्याशास्त्राच्या. हे तुमच्याशिवाय कोणाला जमणार?"

हा निर्णय ज्या बैठकीत झाला त्या बैठकीला बाई नव्हत्या. पण त्या कॉलेजात जुना रिवाजच होता, की जो बैठकीला नसतो तो सर्वानुमते लायक ठरतो.

मूल्यमापन म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगायचं, तर दर काही वर्षांनी बाहेरगावची तीन विद्वान माणसं येतात, कॉलेजला आडवं-उभं मोजतात आणि जाताना त्याच्या गळ्यात एक अक्षर अडकवून जातात. मागच्या खेपेला 'ब' अडकलं होतं. तेव्हापासून प्राचार्यांना नीट झोप नव्हती, कारण रस्त्यापलीकडच्या कॉलेजला 'अ' मिळाला होता आणि तिथल्या लोकांनी त्या 'अ'चा फलक नेमका यांच्या खिडकीसमोर लावला होता. प्राचार्यांनी खिडकीला पडदा लावला. पडद्यातूनही तो 'अ' दिसतो असं ते म्हणत.

बाईंनी फाईल उघडली. पहिलाच प्रश्न होता, 'आपल्या संस्थेत नावीन्याची संस्कृती रुजली आहे काय? असल्यास छायाचित्र जोडावे.'

संध्याकाळी घरी आईने विचारलं, "म्हणजे ते लोक नक्की मोजणार काय?"

"गुणवत्ता."

"कशात?"

"टक्क्यांत."

आई थोडा वेळ चष्मा पुसत राहिली. "तुझे बाबा जन्मभर शिकवत होते. आपण चांगले शिकवतो की वाईट, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तुमची समिती तीन दिवसांत काढणार म्हण की."

शेजारचे काका तिथेच बसले होते. ते वजनमाप खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात घालवली होती, त्यामुळे गल्लीत त्यांना तराजूकाका म्हणत, आणि कोणी कांदे जरी विकत घेतले तरी त्यांच्या समोरून नेत नसे. मोजण्याचा विषय निघाल्यावर ते गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"पोरी, एक ध्यानात ठेव," ते म्हणाले. "माप घेणारा आला की आधी आपण त्याचं माप घ्यायचं. चहा देताना हात बघायचे. कपाकडे आधी बघतो तो कनवाळू. खुर्चीकडे बघतो तो कडक. आणि भिंतींना रंग लावून टाक. ओला रंग असला की माणूस भिंतीजवळ जात नाही आणि ओल दिसत नाही."

बाईंनी मान डोलावली. गेल्या काही महिन्यांत त्यांना मान डोलावण्याची चांगलीच सवय झाली होती.

कामाला सुरुवात झाली ती विद्यार्थ्यांच्या समाधानापासून. फाईलचं म्हणणं असं, की विद्यार्थ्यांना तक्रारी विचारा, तक्रार दूर करा आणि मग समाधान वाढलं का ते पुन्हा विचारा. बाईंनी जिन्याखाली एक पेटी ठेवली. पेटीत सगळ्यात जास्त चिठ्ठ्या निघाल्या त्या एकाच विषयावर, सात नंबरच्या खोलीतला पंखा फार वाजतो. बाईंना बरं वाटलं. पंखा ही हाताला लागणारी गोष्ट होती. वायरमन आला. त्याने पंखा काढला आणि छताकडे बघून असा चेहरा केला, की शेजारी उभ्या असलेल्या शिपायाने टोपी काढली. वायरिंग जुनं होतं. वायरिंगसाठी भिंत फोडली. भिंत फोडली म्हणून गिलावा आला, गिलावा आला म्हणून रंग आला, आणि रंग सातव्या खोलीतून एकदा बाहेर पडला तो सगळी इमारत घेऊनच थांबला. महिन्याभराने पंखा गुपचूप फिरू लागला. बाईंनी नियमाप्रमाणे पुन्हा पेटी उघडली. समाधान घसरलं होतं. एका चिठ्ठीत कारणही दिलेलं होतं. 'आता सरांचं सगळं ऐकू येतं.'

मग ध्येयवाक्य आलं. कॉलेजचं ध्येय भिंतीवर असलं पाहिजे अशी अट होती. ध्येय ठरवायला बसलेल्या प्राध्यापकांपैकी प्रत्येकाने आपला एकेक शब्द घातला आणि कोणीही आपला शब्द मागे घेतला नाही. वाक्य तयार झालं ते इतकं लांब, की पेंटरने दर्शनी भिंतीवर सुरुवात केली आणि भिंत संपली तरी ध्येय संपेना. तो माणूस कामाला प्रामाणिक. तो कोपऱ्यावरून वळला, ग्रंथालयाची बाजू संपवली, सायकली ठेवायच्या जागेवरून पुढे गेला आणि शेवटचे शब्द, 'उज्ज्वल भविष्याकडे', मागच्या जुन्या इमारतीच्या तोंडाशी येऊन पडले. वाक्य तुटक वाटू नये म्हणून पुढे एक सुबक बाण काढून त्याने ब्रश धुतला.

त्या मागच्या इमारतीकडे बाई बाबा गेल्यापासून फिरकल्या नव्हत्या.

तिथे संध्याकाळचा वर्ग भरायचा. दिवसभर कामं करून शिकायला येणाऱ्यांचा. नर्स, ट्रकचालक, बेकरीवाले, एक अर्धा पगारी पहारेकरी आणि या सगळ्यांवर देखरेख करणाऱ्या टेलरमावशी. निवृत्तीनंतरही बाबा तिथे गणित शिकवायचे, आणि आठवड्यातून दोनदा बाई. बाबांनी या वर्गाला एक नियम घालून दिला होता. उशिरा आलेल्याला 'का उशीर?' असं कोणी विचारायचं नाही. जो शेजारी बसलेला असेल त्याने सरकून जागा करायची, पुस्तकावर बोट ठेवायचं आणि 'इथपर्यंत आलोय' एवढंच सांगायचं. लोक या नियमामागे मोठी शिक्षणदृष्टी आहे असं म्हणत. आईचं मत वेगळं होतं. "स्वतःच्या सोयीसाठी केलाय तो. हा माणूस स्वतःच्या लग्नालासुद्धा उशिरा आला होता."

आणि घात झाला तो इथेच. मूल्यमापनाची सगळी आकडेमोड करता करता एका दुपारी बाईंच्या लक्षात आलं, की निकालाची सरासरी सारखी खाली खेचतंय कोण? तर संध्याकाळचा वर्ग. तिथले लोक मधेच वर्ष सोडत, परीक्षा चुकवत, कोणाची बदली होई, कोणाला मूल होई. तीन वर्षांची पदवी त्यांना कधी सहा वर्षांनी मिळे, कधी नऊ. फाईलच्या रकान्यात हे सगळे 'अनुत्तीर्ण किंवा गळती' या एकाच ओळीत बसत. बाईंनी हा शोध सरळ मनाने स्टाफरूममध्ये सांगितला. संख्याशास्त्राच्या माणसाला आकडा सापडला की तो खिशात ठेवणं जमत नाही. तेवढ्यात प्राचार्य चहा प्यायला आत आले होते.

"म्हणजे संध्याकाळ वगळली तर?" त्यांनी कप खाली ठेवला.

"सरासरी वाढते."

"कुठपर्यंत?"

बाईंना उत्तर द्यावंसं वाटेना, पण आकडा खरा होता. "'अ'पर्यंत."

प्राचार्यांच्या चेहऱ्यावर असा प्रकाश पडला, की जणू खिडकीवरचा पडदा कोणी ओढून काढला.

"सर," बाई घाईने म्हणाल्या, "वर्गातल्या सगळ्यात बुटक्या मुलाला बाहेर उभं केलं तरी वर्गाची सरासरी उंची वाढते. पण मुलं काही वाढत नाहीत."

"बरोबर आहे बाई," प्राचार्य समजुतीने म्हणाले, "पण समिती उंचीच मोजणार आहे ना?"

आठवड्याच्या आत सगळं ठरलं. 'बंद होत असलेला विभाग' असं लिहून दिलं की तो हिशेबात धरत नाहीत, अशी सोय नियमात होती. म्हणजे या वर्षापासून संध्याकाळचा वर्ग बंद. तसं टिपण समन्वयक म्हणून बाईंनी सही करून समितीला द्यायचं. समिती असेपर्यंत वर्ग भरवायचाच नाही. टिपण बाईंच्या हातात आलं. त्यांनी ते पर्समध्ये घातलं, आणि घरी गेल्यावर पर्स उघडलीच नाही.

"बाबांचा वर्ग मी बंद करतेय," त्या रात्री जेवताना त्या आईला म्हणाल्या. "माझ्याच आकड्याने."

आईने त्यांच्या पानात भात वाढला. मग म्हणाली, "आकडा चुकलाय का?"

"नाही."

"मग आकड्याला काय रडतेस? ते काय विचारायचं विसरले, ते बघ."

तराजूकाकांनी भिंतीपलीकडून खाकरून दुजोरा दिला. त्या घराच्या भिंती फार पातळ होत्या.

समिती आली. अध्यक्ष म्हातारे, ठेंगणे, कोपरावर विरलेला स्वेटर घातलेले. दुसऱ्या सदस्या हातात पेन उगारून चालणाऱ्या. तिसरे सदस्य जेवण कधी आहे ते विचारणारे. चहा देताना बाईंनी काकांच्या सांगण्याप्रमाणे हात पाहिले. अध्यक्षांनी ना कपाकडे पाहिलं ना खुर्चीकडे. ते खिडकीबाहेर बघत होते. काकांच्या शास्त्रात असल्या माणसाची नोंदच नव्हती.

दुपारी विद्यार्थ्यांशी संवाद होता. मुलांची आठवडाभर तालीम झाली होती, कोणी पहिलं बोलायचं, कोणी दुसरं, कुठे हसायचं. पण अध्यक्षांनी कुठलाच प्रश्न ठरल्या क्रमाने विचारला नाही.

"तुम्हाला हे कॉलेज का आवडतं?" त्यांनी पहिल्या मुलीला विचारलं.

"ती दिवसातून दोनदा स्वच्छ केली जातात, सर."

अध्यक्षांनी मान हलवली आणि दुसऱ्याकडे वळले. "आणि इथली स्वच्छतागृहं कशी आहेत?"

"तिथे माझ्या व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास झाला," मुलगा ठासून म्हणाला आणि तालमीत शिकवल्याप्रमाणे हसला.

पेनवाल्या सदस्यांनी काहीतरी लिहून घेतलं. प्राचार्यांनी डोळे मिटले. बाईंनी मात्र पहिल्यांदाच, म्हणजे त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदाच, खोकल्याच्या नावाखाली तोंडावर रुमाल धरला. हसू आलं होतं. ते अजून येतं याचं त्यांना एवढं नवल वाटलं, की त्या रुमाल खाली घ्यायच्याच विसरल्या.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी टिपण द्यायचं होतं. प्राचार्य दोनदा खुणेने पर्सकडे बघून गेले. बाई खुर्चीवरून उठल्या, आणि पाहतात तो अध्यक्ष गायब.

ग्रंथालयात नाहीत. उपाहारगृहात फक्त तिसरे सदस्य होते. "ते असेच हरवतात," ते प्लेटमधून मान न काढता म्हणाले. भाड्याने आणलेल्या झाडांच्या कुंड्यांमागेही पाहून झालं. प्राचार्यांचा शर्ट पाठीला चिकटला. अहवालात माणूस हरवल्याचा रकाना नव्हता, पण तो याच कॉलेजमुळे सुरू होईल अशी भीती त्यांना वाटू लागली.

"सर," शिपाई धापा टाकत आला, "मागच्या इमारतीत दिवा आहे."

"तिथे दिवा कसा असेल? वर्ग बंद ठेवायची नोटीस मी स्वतः लावलीय!"

"कुठे लावली, सर?" बाईंनी विचारलं.

"कुठे म्हणजे? पुढच्या दरवाज्यातल्या फलकावर!"

संध्याकाळची माणसं वर्षानुवर्षं मागच्या फाटकाने यायची. पुढचा दरवाजा कॉलेजला आहे हेही त्यांतल्या काहींना ठाऊक नव्हतं. आणि ही गोष्ट तिथे इतकी वर्षं काढलेल्या प्राचार्यांना ठाऊक नव्हती, कारण ते पाच वाजता घरी जायचे.

बाई पुढे, प्राचार्य मागे. ग्रंथालयाची बाजू, सायकलींची जागा, 'उज्ज्वल भविष्याकडे', बाण. त्या दाराशी बाई थबकल्या. इथे त्यांना एक विशिष्ट आवाज ऐकू यायचा, फळ्यावर बाबांचा खडू जरा जास्तच जोरात आपटायचा. आता आवाज हळू होता. बाबांच्या जागी आलेले बदली सर फळ्याकडे तोंड करून शिकवत होते. ते नजरेने अधू आणि स्वभावाने त्याहून लाजरे, वर्गाकडे सहसा वळायचेच नाहीत. आणि शेवटच्या बाकावर, टेलरमावशी आणि बेकरीवाला यांच्या मधे, समितीचे अध्यक्ष अंग चोरून बसले होते. समोर कोणीतरी वहीतून फाडून दिलेला कागद.

"काका, खाली लिहा की," मावशी कुजबुजत्या आवाजात म्हणत होत्या, जो सगळ्या इमारतीला ऐकू जायचा. "नुसतं बघून येत नाही ते. मलाही आधी वाटायचं येतं म्हणून."

"मी खरं तर इथे..." अध्यक्षांनी तोंड उघडलं.

"असू दे हो. उशिराचं कारण इथे विचारत नाहीत. आमच्या सरांचा नियम आहे. तुम्हाला काय, फार तर तासाभराचा उशीर झाला असेल. मला तीस वर्षांचा झालाय. लिहा."

अध्यक्षांनी लिहिलं. मावशींनी कापड बेतावं तसं मान तिरपी करून कागदावर नजर फिरवली. "चुकलं," त्या प्रेमाने म्हणाल्या. "होतं असं पहिल्या दिवशी. हे बिस्कीट खा."

प्राचार्य आत धावणार, तोच बाईंनी त्यांची बाही पकडली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी वरिष्ठांची बाही पकडली नव्हती.

"सर, तास चालू आहे."

"अहो पण ते..."

"तास चालू आहे."

आणि तास संपेपर्यंत त्या कॉलेजचे प्राचार्य वर्गाबाहेर भिंतीला टेकून, शिक्षा झालेल्या मुलासारखे उभे राहिले. समितीसाठी ऐनवेळी पुन्हा मारलेला भिंतीचा रंग अजून ओला होता. ते नंतर घरी गेल्यावर कळलं.

अध्यक्ष बाहेर आले ते अर्धं बिस्कीट हातात घेऊन. "तुमच्या बाणावरून आलो," ते म्हणाले. "म्हटलं उज्ज्वल भविष्य कुठे आहे ते बघावं तरी. हा वर्ग अहवालात दिसला नाही मला."

"तो बंद होत असलेला विभाग," प्राचार्य म्हणाले. "बाई, ते टिपण..."

बाईंनी पर्स उघडली. टिपण वरच होतं. त्यांनी पर्स बंद केली.

"अहवालात आहे, सर. सरासरीत आहे," त्या म्हणाल्या. "आमची सरासरी बिघडवतो तो हाच वर्ग."

प्राचार्यांनी असा श्वास घेतला, की कुंड्यांतली भाड्याची झाडं हलली असती.

"कशाने बिघडवतो?"

"माणसं मधेच सोडून जातात."

"मग?"

"मग परत येतात."

"किती?"

बाईंनी मनातल्या मनात फाईल चाळली. साऱ्या फाईलमध्ये ज्याचा आकडा त्यांच्याकडे नव्हता असा हा एकच प्रश्न होता. कोणी कधी विचारलाच नव्हता, त्यांनीसुद्धा नाही.

"लिहून टाका सगळे," मावशी दारातून म्हणाल्या. "वेळ लागतो, एवढंच."

"सगळे ही काही संख्या नाही, मावशी," अध्यक्ष हसले.

"मग मोजा की! आम्ही कुठे पळून चाललोय?" त्यांनी अध्यक्षांना खालपासून वर न्याहाळलं. "आणि काका, उद्या येताना वही आणा. आणि कोपराला ठिगळ लावून देते, स्वेटर काढून ठेवा."

निकाल आला. 'ब'. आधी होता तोच, ना वर ना खाली. मात्र शेरे लिहायच्या जागी समितीने दोन गोष्टी लिहिल्या होत्या. संध्याकाळचा वर्ग चालू ठेवावा, आणि सोडून गेलेल्यांपैकी परत किती आले याची दरवर्षी गणना व्हावी, कारण ती कुठेच होत नाही. प्राचार्य दोन दिवस पडद्याआड बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेंटरला बोलावलं आणि रस्त्यापलीकडून दिसेल असा मोठा फलक लावला, 'परत येणाऱ्यांचे एकमेव महाविद्यालय'. मग बाईंना बोलावून नवी फाईल पुढे ढकलली. ही बारीक होती.

"परत येणारे तुम्हीच मोजा, बाई. दुःखावर काम हेच..."

"औषध," बाई म्हणाल्या. "खरं आहे, सर. तुमचे आभार मानायचे राहिले होते."

प्राचार्य गोंधळले. टोमणा आहे का, हे त्यांना ठरवता येईना. तो टोमणा नव्हता.

त्या संध्याकाळी बाई मागच्या इमारतीतल्या वर्गाला निघाल्या, पण तराजूकाकांनी फाटकात गाठलं. परत येणाऱ्यांना जातानाच मोजून ठेवावं, म्हणजे फसवाफसवी होत नाही, हे त्यांना अगदी सविस्तर सांगायचं होतं. आईने आतून हाक मारली, "अहो, सोडा तिला, उशीर होतोय तिला!" आणि मग स्वतःशीच, पण ऐकू जाईल असं, "होऊ दे म्हणा. घराण्यातच आहे."

वर्ग सुरू झाला होता. महिनाअखेरपर्यंत तास बदली सरांकडेच होता आणि त्यांची पाठ वर्गाकडे होती, त्यामुळे बाई दारात उभ्या आहेत हे त्यांना दिसलं नाही. बाईंच्या मनात हा वर्ग अजून तिथेच होता, त्रिकोणमितीच्या दुसऱ्या धड्यावर, अर्ध्या सोडवलेल्या उदाहरणाशी, जिथे बाबांनी एका संध्याकाळी खडू खाली ठेवला होता. कित्येक महिने त्यांनी तो तिथेच धरून ठेवला होता.

टेलरमावशींनी मान वळवली. काही विचारलं नाही. त्या सरकल्या, बेकरीवाला सरकला, बाकावर एका माणसापुरती जागा झाली. बाई बसल्या. मावशींनी पुस्तक दोघींच्या मधे ओढलं, पानं उलटली. त्रिकोणमिती गेली, वर्तुळं गेली, आणखी दोन धडे गेले. मग सुईने टोचून टोचून खरखरीत झालेलं बोट एका ओळीखाली टेकवून त्या म्हणाल्या,

"या, बाई. इथपर्यंत आलोय."